ओळखीचा पक्षकार

सरकारी विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या पोरांना शेवटच्या वर्षी एक गोष्ट चुकत नाही. आठवड्यातून एकदा मोफत सल्ला केंद्रात बसावंच लागतं. न बसलं तर प्रात्यक्षिकाचे गुण गेले, आणि गुण गेले की पदवी लटकली. केंद्र म्हणजे तरी काय, ग्रंथालयाच्या मागची एक लांबट खोली, चार डगमगती टेबलं आणि चालताना कण्हणारा पंखा. लोक येतात, भाडेकरूची, वाटणीची, शेजाऱ्याच्या कुत्र्याची रडगाणी सांगतात. पोरं लिहून घेतात. केंद्र चालवणाऱ्या प्राध्यापिकेला सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. त्या मागच्या खुर्चीत बसून सगळ्या टेबलांवर एकाच वेळी कान ठेवून असतात.

बाईंचा एक नियम फार कडक होता. समोर ओळखीचं माणूस आलं की उठायचं, बाहेर जाऊन पाणी प्यायचं, आणि ते माणूस इथे आलं होतं हे जन्मभर कोणाला कळू द्यायचं नाही. पोरांनी त्याची थट्टा करून टाकली होती. उपाहारगृहात एखाद्याची जुनी मैत्रीण दिसली तरी म्हणायचे, "चला, मी जरा पाणी पिऊन येतो."

त्या बुधवारी शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या धाकटीवर खरोखरच पाणी प्यायची वेळ आली. दारातून तिची सख्खी वहिनी आत येत होती.

धाकटीची केंद्रातली पाळी एरवी शुक्रवारी असायची. मैत्रिणीशी अदलाबदल केली होती आणि घरी सांगायचं राहून गेलं होतं. म्हणजे धाकटी तिथे नसेल असा दिवस वहिनीने पारखून निवडला होता. ती पाटीवरची सूचना वाचायला वळली तेवढ्यात धाकटी मागच्या दाराने सटकली. नळापाशी उभं राहून ती खरंच दोन पेले पाणी प्यायली.

परत आली तेव्हा वहिनी गेली होती. शेजारच्या टेबलावरचा खोडरबर वहीत डोकं घालून बसला होता. लिहिलेलं निम्मं खोडायची सवय म्हणून त्याला हे नाव पडलेलं.

"तुझ्याकडे ती हिरव्या साडीतली बाई आली होती ना? काय म्हणत होती?"

"कोण बाई?" खोडरबर वर न बघता म्हणाला.

"अरे, माझ्या घरचा प्रश्न आहे."

"म्हणूनच सांगत नाही. तू माझ्या जागी असतीस तर सांगितलं असतंस?"

नसतं सांगितलं. त्यामुळे तिला त्याचा जास्तच राग आला.

घरात माणसं चार. आई, दादा, वहिनी आणि ही. वडील धाकटी शाळेत असतानाच गेले, तेव्हापासून दादाच घरचा कर्ता. एका मोठ्या गोदामाची देखरेख त्याच्याकडे होती. दिवसभर कुलपं, किल्ल्या आणि आतबाहेरच्या मालावर नजर. माणूस नाकासमोर चालणारा, निर्व्यसनी. धाकटीच्या प्रत्येक परीक्षेला स्वतः स्कूटरवरून सोडायचा आणि खिशात दोन जादा पेनं ठेवायचा. प्रवेश मिळाला त्या दिवसापासून तो तिला 'वकीलसाहेब' म्हणायचा. तो नसता तर ही कुठल्या तरी दुकानात बिलं फाडत बसली असती, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं.

वहिनी लग्नाआधी शाळेत शिकवायची. लग्नानंतर दादाने "गरज काय?" एवढंच विचारलं होतं, आणि त्याच्या 'गरज काय'ला उत्तर द्यायची त्या घरात पद्धत नव्हती. मग वहिनीने सगळी शिकवण्याची हौस धाकटीवर भागवली. ओट्यापाशी भाजी चिरता चिरता ती पुस्तक डब्याला टेकवून उभं करायची आणि धाकटीचं पाठांतर घ्यायची. कराराच्या व्याख्या आता वहिनीलाच जास्त पाठ होत्या.

त्या बुधवारी संध्याकाळीही तिने पुस्तक डब्याला टेकवलं. "चल, कोंडून ठेवणं म्हणजे काय?"

"माणसाला ठरावीक हद्दीच्या बाहेर जाताच येणार नाही असं अडवणं," धाकटी म्हणाली. बोलता बोलता ती वहिनीचा चेहरा न्याहाळत होती. चेहरा नेहमीसारखा होता. पण घरच्यांपासून लपवून कोणी कायद्याचा सल्ला घ्यायला कशाला येईल? ही घर सोडून जाणार? दादाला सोडणार? मग आईचं काय, दादाचं काय, आपलं काय? विचारावं तर 'तुला कसं कळलं' येणार. न विचारावं तर जीव टांगणीला. परीक्षा तोंडावर होती. पण पुस्तक उघडलं की अक्षरांच्या जागी तिला वहिनीची भरलेली बॅग दिसायची.

शेवटी तिने स्वतःच्या मते तोडगा काढला. गुपित फोडायचं नाही, दादाला नुसतं सावध करायचं. तो वहिनीशी जरा बरा वागला तर कशाला जाईल ती? दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरवर मागे बसल्या बसल्या ती म्हणाली, "दादा, वहिनीकडे जरा लक्ष दे ना. कुठेतरी फिरायला घेऊन जा तिला."

दादाने वेग कमी केला. "का? काही म्हणाली?"

"छे, मला काहीच म्हणाली नाही."

हे शंभर टक्के खरं होतं. आपण गुपिताचं अवाक्षरही न काढता घर वाचवलं, असं वाटून धाकटीला कितीतरी वेळाने मोकळा श्वास घेता आला.

दादाने लक्ष दिलं. त्याला येत होतं तसं. आधी वहिनीची शिक्षणाची प्रमाणपत्रं कपाटातून निघून त्याच्या गोदामाच्या तिजोरीत गेली, "घरी वाळवी लागते" म्हणून. मग वहिनीचा फोन दुरुस्तीला गेला तो आलाच नाही. पुढच्या सोमवारी त्याने बाहेरच्या दाराला नवं भक्कम कुलूप आणलं. "चोऱ्या वाढल्यात. घरी दोघी बायकाच असतात, बाहेरून लावलेलं बरं."

"अहो, पण मला भाजीला जायचं असलं तर?" वहिनीने विचारलं.

"मी आणेन की. दुपारी जेवायला येतोच आहे." आवाज चढला नव्हता. दादाचा आवाज कधीच चढायचा नाही. "आणि आई आहे ना सोबतीला? कोंडल्यासारखं काय बोलतेस!"

दादाने एक किल्ली आपल्या जुडग्यात अडकवली आणि दुसरी धाकटीपुढे धरली. "तू नंतर निघालीस तर लावून जात जा. तुझ्याशिवाय विश्वास कोणावर ठेवू, वकीलसाहेब?"

नको म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि किल्ली हातात घेतली.

त्या संध्याकाळी पुस्तक डब्याला टेकलं नाही. वहिनीने भाजी चिरता चिरता हळूच विचारलं, "बुधवारी तू तिथे होतीस?"

"मी कोणाला काही बोलले नाही, वहिनी. शप्पथ."

"बोलली नसशील." सुरी थांबली नाही. "परगावच्या एका शाळेने मला शिकवायला बोलावलं होतं. राहायला खोलीही देणार होते. तुमच्या केंद्रात सांगितलं, कागदपत्रं गोळा होईपर्यंत घरात कोणाला सुगावा लागू देऊ नका. मी लागू दिला नव्हता."

धाकटीला रडू आलं, पण रडायचाही आपल्याला हक्क नाही असं वाटून तिने ते आत दाबलं. आपण नियम पाळला, शब्दन् शब्द पाळला, आणि वहिनीचा घात केला. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी दादा आधी निघाला आणि कुलूप तिनेच लावलं. रोज ठरवायची, आज नाही लावायचं. मग दुपारी दादाला उघडं दार दिसेल, तो विचारेल, आणि आपल्याला त्याच्या तोंडाकडे बघावं लागेल, या कल्पनेनेच तिचं धाबं दणाणायचं. आपल्यालाच दादाची एवढी भीती वाटते, हे तिला त्या तीन दिवसांत पहिल्यांदा कळलं.

शुक्रवारी तिची नेहमीची पाळी होती. केंद्रात आल्यावर ती टेबलाच्या पलीकडे, पोरांच्या बाजूला गेली नाही. खोडरबरच्या समोर, लोक बसतात त्या बाकावर बसली.

"जागा चुकली," खोडरबर म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्याने पेन उघडलं.

"एका बाईला घरात कोंडून ठेवलंय. मला साक्ष द्यायची आहे."

मागून बाईंचा आवाज आला. "खोडरबर, ओळखीचा पक्षकार आहे, तू ऊठ." त्या स्वतः येऊन समोर बसल्या. "कोणी कोंडलंय?"

"माझ्या भावाने. सख्ख्या. म्हणजे कुलूप त्याने आणलं, वहिनीची प्रमाणपत्रंही त्यानेच तिजोरीत ठेवली. पण आज सकाळी... आज सकाळी मी लावलं."

"किल्ली कोणाकडे आहे?"

धाकटीने पिशवीतून किल्ली काढून टेबलावर ठेवली. बाईंनी ती उचलून परत तिच्या हातात दिली.

"अगं मुली, मग इथे काय करतेस? साक्ष कसली देतेस, आधी दार उघड जा! खोडरबर, तू हिच्याबरोबर जा. त्या बाई यायचं म्हणाल्या तर सरळ माझ्याकडे घेऊन ये. प्रमाणपत्रांचं मी बघते, विद्यापीठातून दुसरी प्रत काढता येते."

दोघं रिक्षाने घरी पोचली. खोडरबर जिन्याच्या तळाशी थांबला आणि ती वर गेली. तिने किल्ली कुलपात घातली.

"कोण आहे?" आतून आईने घाबरून विचारलं.

दार उघडलं तर वहिनी समोरच उभी. धाकटीने किल्ली तिच्यापुढे धरली.

"मला कशाला? मी परत येणार नाही," वहिनी म्हणाली. आत जाऊन तिने चार साड्या पिशवीत कोंबल्या आणि आईच्या पाया पडली. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. चपला घालून वहिनी उंबऱ्यात थांबली. "खाली कोणी आहे?"

"एक मुलगा आहे. तुला ओळखतो तो."

"आणि तू?"

"मी इथेच आहे."

वहिनीने तिच्या गालाला हात लावला. माफ केलं की नुसता निरोप घेतला, ते धाकटीला कळलं नाही, आणि विचारायला वेळही नव्हता. पावलं जिना उतरून गेली.

आई भिंतीला टेकून खाली बसली. "तो आत्ता जेवायला येईल गं. त्याला काय सांगायचं?"

"तू काही सांगू नकोस. मी सांगते."

"काय सांगशील?"

"दार मी उघडलं म्हणून."

तिने दार सताड उघडं ठेवलं आणि समोरच्या खुर्चीत बसली. खाली दादाची स्कूटर थांबली. धाकटी उठून दारात उभी राहिली.