मूळ चित्र कुठे आहे?

मी एक जुना संगणक आहे. नाशिकच्या गंगापूर रोडवर लग्नपत्रिका करून देणारे एक दुकान होते. तिथे मला १९९८ साली आणले. मालक हिरामणभाऊंनी मला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला. मित्रांनो, तेव्हा मला नुसते पाहायलाही माणसे यायची!

माझ्यावर काम करायची हर्षाली. ती चांदवडची, रोज एसटीने ये-जा करायची. पत्रिकांवर गणपती आणि कलश बसवण्यात तिचा दिवस जाई. पण जेवणाच्या सुट्टीत ती स्वतःचे एक चित्र काढू लागली. आईचे पितळी पातेले आणि शेजारी थोडे कांदे, एक अर्धवट सोललेला. ब्रश नाही, रंगाची बाटली नाही, नुसता माऊस. कांद्याच्या सालीचा गुलाबी रंग तिला काही केल्या सापडेना. काढायची, पुसायची, पुन्हा काढायची. त्या एका सालीत उन्हाळा सरला.

चित्र छापून तिने घरी नेले. दुसऱ्या दिवशी हसत सांगू लागली, "आई म्हणाली, 'हे तर माझंच पातेलं हाय! पोचा बी सोडला नाय गं तू!'"

मग तिने ते शहरातल्या एका चित्रस्पर्धेत दिले. परत आल्यावर तिने चित्राची गुंडाळी टेबलाखाली सारून दिली.

"काय झालं गं?" हिरामणभाऊंनी विचारले.

"परीक्षक म्हणाले, मूळ चित्र कुठंय? मी म्हटलं, संगणकात. तर म्हणाले, 'मग बटण दाबलं की हवी तेवढी निघतील. याला मोल कसलं?'"

"जाऊ दे. ती कालची पत्रिका पूर्ण कर."

छापलेले चित्र चांदवडच्या स्वयंपाकघरात लागले. खिडकीतल्या उन्हाने त्याचा रंग उडत गेला. पुढे हर्षाली लग्न होऊन देवळ्याला गेली. काही वर्षांनी तिची आई वारली. दिवसकार्य आटोपल्यावर हर्षाली दुकानात आली.

"भाऊ, माझं ते चित्र पुन्हा छापून द्या ना. घरातलं पार पांढरं पडलंय. आईचं पातेलंही दादानं मोडीत घातलं."

हिरामणभाऊंचा चेहरा उतरला. "अगं, मशीन फार हळू चालायचं. जागा व्हावी म्हणून जुनं सगळं पुसलं. तुझं चित्र त्यात होतं, हे ध्यानातच आलं नाही."

तरी तिने मला चालू केले. एकेक कप्पा उघडून पाहिला. माझ्याकडे द्यायला काही नव्हते. मग तिने कोरे पान उघडले आणि पातेल्याच्या काठाची रेघ ओढली. पुसली. पुन्हा ओढली.

"असं नव्हतं ते," ती हळूच म्हणाली, आणि तिने मला बंद केले.

आता मी पोटमाळ्यावर धूळ खात पडलो आहे. आज ना उद्या भंगारवाला येईल. त्याचे मला फारसे दुःख नाही. पण मित्रांनो, यंत्रातली कुठलीही गोष्ट पुसण्याआधी एवढे विचारत जा, ही कुणाची आहे? हिरामणभाऊ काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी फक्त विचारले नाही.