मधल्या दाराचं कुलूप

जागेश्वरनं कुलपात किल्ली घातली आणि ती फिरेना. आधी त्याचा विश्वासच बसेना. दर पोळ्याला तो स्वतःच्या हातानं या कुलपात जवसाचं तेल सोडत आला होता. शामकला, त्याची बायको, विचारायची, उघडायचंच नाही तर तेल कशाला? तो म्हणायचा, चांगलं लोखंड आहे, गंजायला नको. खरं कारण तिला ठाऊक होतं. तेल घालताना तो दाराला कान लावून पलीकडची चाहूल घ्यायचा.

कामठ्यातलं ते घर दोघा भावांचं. मधल्या भिंतीतलं हे दार पूर्वी दिवसभर उघडं असायचं. मग धानाच्या एका रोवणीत बोडीचं, म्हणजे शेततळ्याचं, पाणी आधी कोणाच्या बांधीत सोडायचं यावरून जागेश्वरची धाकट्या दुलीचंदशी जुंपली. पाणी दोघांनाही पुरलं, धानही पिकलं. पण तोवर जागेश्वरनं चारचौघांत सांगून टाकलं होतं की दुलीचंदच्या अंगणात पाय ठेवला तर बापाचं नाव लावणार नाही. घरी येऊन त्यानं या दाराला कुलूपही ठोकलं. रागात बोललेलं माणसं विसरतात. हा पठ्ठ्या ते सांभाळून बसला.

आता दुलीचंद गाव सोडत होता. मुलगा रायपूरला रेल्वेत चिकटला होता, तो आईबापांना कायमचं न्यायला आला होता आणि दुपारची गाडी धरायची होती. सकाळी दुलीचंदची बायको रुख्मिणी विहिरीवर शामकलेजवळ निरोप देऊन गेली, अंगणातून येऊ नका म्हणावं, तुमचा शब्द मोडायला नको, मधलं दार तेवढं उघडा. धाकट्यानं थोरल्याची अब्रू अशी राखली होती. जागेश्वर उठला तो किल्ली घेऊनच.

त्यानं कुलूप ठोकलं, हलवलं, आणि काही सुचेना म्हणून आणखी जवसाचं तेल सोडलं. तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"कोनतं तेल टाकून राहिला गा दादा?"

ही हाक ऐकून वर्षं लोटली होती. जागेश्वरनं तोंड दाराजवळ नेलं.

"जवसाचं."

"ते कायले? ते त सुकून गोंदावानी होते. मातीचं तेल सोड, अन् किल्ली अलगद हालव."

लढाईचे दिवस, मातीचं तेल म्हणजे रॉकेल कार्डावर मिळायचं. शामकलेनं कंदिलातलं होतं नव्हतं ते वाटीत ओतलं. जागेश्वर कोंबडीच्या पिसानं थेंब थेंब आत सोडू लागला, तसा काळा चिकटा बाहेर आला. इतक्या वर्षांची त्याची माया आत अशी घट्ट होऊन बसली होती.

तेल मुरेपर्यंत दोघे बोलत राहिले. दुलीचंदनं त्याच्या गुडघ्यांची चौकशी केली, त्यानं दुलीचंदच्या खोकल्याची. लहानपणी दोघांना चिखलात लोळवणाऱ्या, केव्हाच मेलेल्या रेड्याची आठवण निघाली आणि दोघेही हसले. दाराआडून बोलणं सोपं होतं, तोंड दाखवावं लागत नव्हतं. मला वाटतं, जागेश्वरला घाई नव्हती ती म्हणूनच.

शामकलेला होती. ती पहार घेऊन आली. कडी जुनी होती, एका फटक्यात निघाली असती. जागेश्वर तिच्यावर खेकसला, मी लावलंय, मीच किल्लीनं उघडीन.

"मंग अंगनातून जा," ती म्हणाली. "लेकरावानी काऊन करून राहिले तुमी?"

त्यानं पीस पुन्हा तेलात बुडवलं. पलीकडे मुलगा गाडी चुकेल म्हणून ओरडत होता. दुलीचंदनं दोनदा विचारलं, झालं का? जागेश्वर दोन्ही वेळा म्हणाला, झालंच. शेवटी बंडी जुंपल्याचा आवाज आला.

"येतो गा दादा," दुलीचंद म्हणाला.

"थांब, फिरून राहिली."

खरंच फिरत होती. पण ती पुरती फिरून कुलूप गळून पडलं तेव्हा बैलांच्या घुंगरांचा आवाज स्टेशनाकडे जाणाऱ्या नागऱ्याच्या वाटेला लागला होता.

जागेश्वरनं दार ढकललं. खोली झाडून लख्ख केलेली, सामान सगळं गेलेलं. मध्ये फक्त दोन पाट समोरासमोर मांडलेले आणि पुढे दोन ताटं वाढलेली. भात, वरण, वडे. दोन्ही ताटांतला भात वरून वाळला होता. एका घासाचीही खूण नव्हती. दुलीचंद उपाशीच गेला होता.

जागेश्वर एका पाटावर बसला. त्यानं घास कालवला, पण तो हातातच राहिला. इतका वेळ तो कुलपाशी खेळत होता आणि दाराला टेकून भाऊ भुकेला बसला होता, हे त्याला आत्ता कळत होतं.

"कडी तोडाले पायजे होती," तो समोरच्या रिकाम्या पाटाकडे पाहत म्हणाला.