समोरची भिंत

सुनेने मुकादमांचा हात धरून त्यांना गोदामाच्या उंबऱ्यावरून आत घेतलं.

"मी सांगेपर्यंत डोळे मिटलेलेच ठेवा, मामंजी."

"मिटलेलेच आहेत. इतके दिवस दुसरा धंदा काय होता मला?"

"थोडं पुढे या. हां, आता उघडा."

मुकादमांनी आधी ऑपरेशन झालेला डोळा उघडला. समोर सगळं पांढरंफटक होतं. डॉक्टर म्हणालेच होते, मोतीबिंदू काढल्यावर सुरुवातीला उजेड जरा अंगावर येतो. म्हणून त्यांनी तो डोळा तळव्याने झाकला आणि दुसऱ्याने पाहिलं. दुसऱ्यालाही पांढरंच दिसलं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की दोष डोळ्यांचा नव्हता.

हे गोदाम ज्यांनी बांधलं ते लोक धूर्त होते. ओतीव लोखंडाचे खांब तळमजल्यावर कवेत न मावणारे, आणि एकेक मजला वर जावं तसे बारीक होत गेलेले. सगळ्यात वरचे तर पोरीच्या मनगटासारखे. भार जिथे जास्त तिथे लोखंड जास्त, उगाच कुठे उधळपट्टी नाही. प्रत्येक मजल्याची जमीन भिंतींकडे किंचित उतरती होती. आग लागली आणि बंबाने पाणी मारलं, तर ते भिंतीतल्या भोकांतून रस्त्यावर जावं, खालच्या मजल्यावरचा माल भिजू नये. खिडक्या इतक्या लहान, की एक पोतं चोरीला जाणं शक्य नाही. आत हमाल असतात आणि त्यांना हवा लागते, ही गोष्ट मात्र बांधणाऱ्यांच्या ध्यानातून सुटली असावी. आणि मधोमध, वरपासून खालपर्यंत, नागमोडी लोखंडी घसरगुंडी होती. वरच्या मजल्यावर सोडलेलं पोतं थेट खालच्या गाडीशी येऊन थांबे. पोती घासून घासून तिचा पत्रा आरशासारखा झाला होता. मुकादमांचा मुलगा लहानपणी पोत्यांच्या मागोमाग त्यावरून यायचा आणि खाली आल्यावर बापाचा मार खायचा. आता तो मुलगाही नव्हता.

घसरगुंडीच्या जागी सपाट जमीन होती आणि तिच्यावर पांढऱ्या टाइल्स. उतार भरून काढलेला. खांबांना प्लायची पेटी करून वर लाकडासारखा दिसणारा कागद चिकटवलेला. सगळे खांब चौकोनी, सगळे एका मापाचे. छताच्या तुळया पीओपीआड गेल्या होत्या आणि पीओपीत गोल गोल दिवे लुकलुकत होते.

"एक पैसा खर्च नाही आला," सून सांगत होती. "घसरगुंडी आणि वरचं ते कप्पीचं चाक भंगारवाल्याला दिलं. सागवानी फळ्या ठेकेदाराने नेल्या. त्यातच सगळं करून दिलं बिचाऱ्याने."

"बिचाऱ्याने," मुकादम म्हणाले.

"तुम्हीच जाताना म्हणाला होतात ना. समिती बघायला येणार, आपलं सगळं तिच्यावर आहे, गोदामाकडे लक्ष दे."

"म्हणालो होतो."

म्हणाले होतेच. मालकांनी गोदाम बिल्डरला द्यायचं ठरवलं होतं. जुन्या इमारती जपणाऱ्या समितीने ही जपण्याजोगी ठरवली तरच ती पाडता येणार नव्हती, आणि मागच्या दोन खोल्यांत हे दोघं राहू शकणार होते. नाहीतर या वयात कुणाच्या दारात उभं राहायचं, याचा विचार मुकादमांनी खूपदा केला होता आणि दर वेळी अर्ध्यावर सोडला होता. अर्ज त्यांनीच केला. मग डोळ्याचं साधं ऑपरेशन चिघळलं आणि दवाखान्यातला मुक्काम लांबला. सून डबा घेऊन यायची तेव्हा तिच्या पदराला रंगाचा वास यायचा. ते समजायचे, औषधांचा आहे.

समिती जुनं तेवढंच बघायला येते, हे तिला सांगायचं राहून गेलं होतं. पाहुणे यायचे म्हटल्यावर ती जे जन्मभर करत आली, तेच तिने केलं होतं. फक्त या वेळी जरा मोठ्या प्रमाणावर.

"कसं झालंय?" तिने विचारलं.

भर दुपारी झोपलेल्या हमालाला नुसत्या शब्दांनी उभा करणारा हा माणूस. त्यांच्या शिव्या शिकायला शेजारच्या गोदामातले मुकादम यायचे, असं म्हणत. ते स्वतःभोवती एकदा पूर्ण फिरले.

"चकाचक," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी समितीच्या बाई आल्या. गळ्यात कॅमेरा, हातात गोदामाचा जुना नकाशा. रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहून त्यांनी समोरच्या भिंतीचे फोटो काढले: काळवंडलेल्या विटा, प्रत्येक मजल्यावर हवेत उघडणारं मालाचं दार, सगळ्यात वर पुढे आलेली तुळई. मग त्या हसतमुखाने आत आल्या. उंबऱ्याच्या आत दोन पावलं टाकल्यावर त्यांनी कॅमेऱ्याला झाकण लावलं.

बाईंनी एका खांबावर बोटाने टकटक केलं. पोकळ वाजलं.

"आणि ती घसरगुंडी? तिच्यासाठीच आले होते मी खरं म्हणजे. अशी आता कुठे राहिली नाही."

"इथेही नाही," मुकादम म्हणाले.

"कुणी केलं हे सगळं?"

चहाचा ट्रे घेऊन सून दारातच उभी होती. ती पुढे झाली, बोलायला तोंड उघडलं.

"मी," मुकादम म्हणाले. "माझीच अक्कल. जुनाट दिसत होतं फार."

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. मग बाईंचा चेहरा तिला नीट वाचता आला नसावा, कारण ती अजिजीने म्हणाली, "समोरची भिंत तेवढी राहिली बघा, मॅडम. रंग संपला. चार दिवस दिलेत तर तीही करून घेऊ."

"नको," बाई घाईने म्हणाल्या. "तिला हात लावू नका." आणि चहा न घेताच निघाल्या.

मुकादम त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत गेले.

"समोरची भिंत वाचेल, काका," बाई म्हणाल्या. "तशी शिफारस करते मी. भिंत ठेवायची आणि मागे नवं बांधायचं. करतात हल्ली तसं."

"आणि आतलं?"

"आत आता काय राहिलंय?"

आत कोण राहतं, असं त्यांनी विचारलं नव्हतं. मुकादमांनी मान डोलावली आणि फाटक त्यांच्यासाठी उघडून धरलं.

ते परत आले तेव्हा सून तशीच उभी होती.

"काय म्हणाल्या?"

"भिंत आवडली त्यांना."

"कुठली?"

"समोरची."

"तिला तर आपण हातही लावला नाही," ती म्हणाली.

मुकादम भिंतीजवळच्या बाकावर टेकले. ठेकेदाराने बाकही नवा ठेवला होता. गोल दिवे लुकलुकत राहिले. सुनेने वर छताकडे पाहिलं, मग खांबांकडे, एकेका खांबाकडे, जणू ते आत्ताच कुणीतरी आणून उभे केले होते. मग तिने चहाचा ट्रे खाली ठेवला.

"मामंजी, तुम्ही 'मी' का म्हणालात?"

"मुकादम कोण आहे इथे?"

"कालच सांगायचं होतंत मला."

"काल काय उपयोग होता?"

पांढऱ्या टाइल्सवर बाईंच्या चपलांचे धुळीचे ठसे उठले होते, आत येणारे आणि बाहेर जाणारे. ती ओला फडका घेऊन आली, गुडघ्यांवर बसली आणि पुसायला लागली. ठसे दोन हातांत गेले. तरी ती पुसत राहिली, सरकत सरकत, जिथे कुणाचं पाऊलही पडलं नव्हतं तिथपर्यंत.

ती बाकाजवळ आली तेव्हा मुकादमांनी पाय वर घेतले.