बैलाच्या खांबाला बांधलेली सायकल

मी एक जुनी लेडीज सायकल आहे. पण माझ्या अंगावरचे निम्मे भाग माझ्यापेक्षा वयाने फार लहान आहेत. सांगाडा जुना, मागचा मडगार्ड जुना, घंटी जुनी. पुढचा चिमटा, दोन्ही चाके, पुढचा ब्रेक आणि मागच्या चाकातली मोटार मात्र नवी. आरशात पाहिले तर मीच मला ओळखणार नाही.

मित्रांनो, मला सोमाजीने वडशाच्या दुकानातून आणले, तेव्हा त्याचे लग्न नुकतेच झाले होते. त्यांचे गाव वडशापासून आत, जंगलाच्या कडेला. गावाला मोठा तलाव आणि तलावाच्या पाळीखाली ढिवरांची वस्ती. सोमाजी तलावात जाळे टाकायचा आणि त्याची बायको प्रेमिला डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव मासे विकायची. तिची मान दुखते म्हणून त्याने मला आणले. तेव्हा वस्तीतली एकही सून सायकल चालवत नव्हती. उन्हाळ्यात तलाव आटला आणि त्याच्या भेगाळलेल्या तळात, लोकांच्या नजरेआड, प्रेमिला मला चालवायला शिकली. ती पडायची, उठायची, मला शिव्या द्यायची आणि पुन्हा बसायची.

पुढची कितीतरी वर्षे आम्ही दोघी एकत्र हिंडलो. कॅरिअरवर माशांची टोपली, टोपलीवर ओले पोते. मरळ, कतला, पावसाळ्यात झिंगे. माझी घंटी ऐकून बाया ताटली घेऊन दारात येत. हिवाळ्यात वडशाहून नाटकांच्या प्रचाराच्या गाड्या भोंगा वाजवत जवळून गेल्या की प्रेमिला पायडल थांबवून नाटकाचे नाव नीट ऐकून घ्यायची. दिवस कलायच्या आत मात्र ती घरी असे, कारण रस्त्यात वाघाचा माग दिसायचा.

माझी देखभाल सोमाजीकडे. दर शनिवारी, बाजाराच्या आदल्या दिवशी, तो मला अंगणात उलटी करी. चाकांच्या तारा हाताने ओढून पाही, ब्रेकचे झिजलेले रबर बदली आणि टोरीचे तेल देई. मोहाच्या बियांना आमच्याकडे टोरी म्हणतात. ते तेल थंडीत तुपासारखे गोठते, म्हणून तो बाटली आधी उन्हात ठेवायचा. चेनला, पायडलला, चाकांच्या आसाला, जिथून म्हणून कुरकुर ऐकू येई तिथे तो तेलाचा थेंब सोडायचा. त्याला फार बोलता येत नसे. प्रेमिला घरी आल्यावर तो फक्त विचारायचा, "आवाज करे का?" ती म्हणायची, "नाई." तेवढ्याने त्याचा दिवस चांगला जाई.

मग प्रेमिलाचे गुडघे गेले. दूरची गावे सुटू लागली. माजरीला कोळसा खाणीत कामाला असलेला त्यांचा मुलगा सुरेंद्र पोळ्याला घरी आला, आईचे चालणे त्याने पाहिले आणि मला टेम्पोत टाकून वडशाला नेले. तिथे रिना नावाची मुलगी बॅटरीच्या सायकली दुरुस्त करते आणि जुन्या सायकलींना मोटारही बसवून देते. तिने माझे एकेक हाड सुटे केले. मागच्या चाकात मोटार आली. पायडल मारले की मोटार आपोआप जोर लावते आणि ब्रेक दाबला की ती बंद पडते. ट्यूबमध्ये एक चिकट द्रव भरला, लहानसहान काटा टोचला तर तो भोक आतूनच बुजवतो. आणि पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक बसवला. चाकाच्या मधोमध लोखंडाची पातळ चकती. ब्रेक दाबला की दोन गुटके तिला दोन्ही बाजूंनी पकडतात. चिखलात, पाण्यात जुन्या रबरापेक्षा त्याची पकड कितीतरी चांगली.

रिनाने सगळे नीट समजावून सांगितले. "भाऊ, चार्जिंग सायकल थंडी झाल्यावर कराची. पाइपानं धुवाची नाई. आन् ह्या चकतीले तेल म्हणून लावाचं नाई, बोटबी नोको."

सुरेंद्रचे लक्ष फोनकडे होते. तो "हो, हो" म्हणाला. घरी येऊन त्याने आईला चार्जिंग शिकवले आणि दुसऱ्या दिवशी माजरीला निघून गेला. सोमाजी तेव्हा तलावावर होता. ज्याच्या हाताला माझी सवय होती, त्याला कोणी काहीच सांगितले नाही.

डिस्क ब्रेक ओला झाला की थोडा ओरडतो. सकाळच्या दवात माझाही ओरडला. सोमाजीने ते ऐकले आणि शनिवारी चकतीवर बोट फिरवत, अगदी प्रेमाने, तेल चोळले. आवाज बंद झाला. आवाजाबरोबर पकडही गेली. मी काय करणार? मला घंटी आहे, पण ती दुसऱ्याच्या अंगठ्याने वाजते.

काही दिवस निभावले. मागचा जुना ब्रेक कसाबसा सांभाळून घेत होता. मग एका सकाळी टोपली काठोकाठ भरलेली, आणि आम्ही तलावाच्या पाळीवरून खालच्या रस्त्याला उतरत होतो. प्रेमिलाने ब्रेक दाबला. मोटार बंद पडली, पण चाक थांबले नाही. गुटके चकतीवरून नुसते घसरत राहिले. उताराच्या शेवटी मी बेशरमाच्या झुडपात शिरले आणि प्रेमिला रस्त्यावर पडली. तिचे मनगट मोडले. मासे धुळीत तडफडत होते आणि ती त्यांच्याकडेच बघत होती.

सुरेंद्र धावत आला. आईच्या हाताचे प्लास्टर पाहून तो माझ्यावर असा चिडला, की जणू मी चावरे जनावर होते.

"मोटरनंच घात केला. आता ह्या सायकलीले हात नाई लावाचा, माय."

"मंग मासे कोण विकन? तू येशीन का माजरीहून?" प्रेमिलाने विचारले.

"नोको विकू. मी पैसे धाडतो ना."

"पैसे धाडशीन रे. माह्या रोजच्या बाया धाडशीन का?"

सुरेंद्र मला ढकलत मागे घेऊन गेला. मागच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, एक सागाचा खांब आहे. पूर्वी त्याला बैल बांधत. कोणी ढकलून नेऊ नये म्हणून पुढचे चाक अधांतरी उचलून त्या खांबाला त्याने मला साखळीने जखडले, कुलूप लावले, आणि चावी व बॅटरी घेऊन तो निघून गेला.

मित्रांनो, बांधलेल्या बैलाला निदान वैरण मिळते, पाण्यावर नेतात. मी मात्र एकाच जागी उभी. मागच्या टायरमधली हवा उतरली आणि सगळा भार रबराच्या एकाच पट्टीवर आला. तिथे ते तडकू लागले. कोळ्याने माझ्या हँडलपासून भिंतीपर्यंत जाळे विणले. सकाळी बाहेरून सायकलींच्या घंट्या ऐकू येत, शाळेत जाणाऱ्या पोरींच्या. तेव्हा मला वाटे, साखळी तुटावी आणि आपण निघावे.

पण माझी खरी अडचण ती नव्हती. मी अडकले तरी सोमाजीचा शनिवार चुकला नाही. तो कोठ्यात येई, कोळ्याचे जाळे झटकी, आणि उन्हात पातळ केलेले तेल चेनला, आसाला आणि चकतीला लावी. "गंजू नोको," तो हळूच म्हणायचा. "सुरेंद्रचा राग उतरन." लोक मला मोडीत टाकायला सांगत, तेव्हा हाच एक माणूस माझ्यासाठी येत होता, आणि तोच पुढच्या पडण्याची तयारी करत होता. मला सुटायचे होते. पण अशीच सुटले तर प्रेमिला पुन्हा त्याच उतारावर पडणार होती. त्यामुळे सुरेंद्रची चाहूल लागली, की चावी यावी असेही वाटे आणि येऊ नये असेही वाटे.

इकडे प्रेमिलाही घरात अडकली होती. प्लास्टर निघाले, पण मनगटात जोर नव्हता आणि गुडघ्यांमुळे लांब चालवत नव्हते. तिच्या गावांमध्ये आता दुसरा कोणी स्कूटरवर मासे नेत होता. ती दिवसभर घरापुढच्या सपरीत बसून फाटकी जाळी विणायची. जाणाऱ्या-येणाऱ्या बायांना हाका मारायची आणि त्या पुढे गेल्या की गप्प व्हायची.

मोहाची फुले पडू लागली तेव्हाची गोष्ट. डॉक्टरांनी प्रेमिलाला मूठ आवळण्याचा व्यायाम सांगितला होता. रबरी चेंडू तिला पोरकट वाटला. ती कोठ्यात आली आणि माझ्या ब्रेकचा दांडा दाबू लागली. दाबायची, सोडायची. रोज थोडा वेळ. त्या काळात तिचा हात माझ्या हँडलवर असे, तेवढेच मला सुख.

एक दिवस ब्रेक दाबून धरलेला असताना तिच्या पायाचा धक्का पुढच्या चाकाला लागला. ते फिरले. तिने खाली पाहिले. पुन्हा सगळा जोर लावून ब्रेक दाबला आणि दुसऱ्या हाताने चाक ढकलले. ते आरामात फिरले. ती वाकली, चकतीला बोट लावले, बोट नाकाशी नेले. टोरीचा वास तिला लहानपणापासून ओळखीचा. ती तशीच खाली बसली.

त्याच वेळी सोमाजी बाटली घेऊन आत आला. शनिवार होता.

"काय करून राह्यले?" तिने विचारले.

"तेल देऊन राह्यलो. लोखंड हाय, गंजून जाईन."

"ह्या चकतीलेबी देता?"

"मंग? तीच त चिरचिर करे. चेन कवा बोलली का?"

"कवापासून देता?"

"आणली तवापासून. काऊन?"

प्रेमिलाने त्याच्या हातातली बाटली घेऊन बाजूला ठेवली. "इकडं या. हा दांडा दाबा. आता चाक फिरवा."

सोमाजीने दाबले, फिरवले. चाक फिरत राहिले. त्याला कळेना.

"मरळीले तेल लावून हातात धरता येते का?" प्रेमिला म्हणाली. "तसंच हाय हे. तेल लावलं त ब्रेक धरन कसा?"

सोमाजी चाकाकडे बघत उभा राहिला. चाक हळूहळू थांबले.

"म्हणजे तुले मी पाडलो?"

तिने पदराने चकती पुसायला सुरुवात केली. जितकी पुसली तितकी ती चमकली, पण तेल गुटक्यांत मुरले होते, ते निघेना.

संध्याकाळी प्रेमिलाने सुरेंद्रला फोन लावला. "चावी घेऊन ये. दोष सायकलीचा नाई."

"मंग कोणाचा?"

खाटेवरून उठून सोमाजीने तिच्या हातातून फोन घेतला. "मी तेल टाकलो होतो बापू, ब्रेकवर. मले ठाऊक नव्हतं. सायकलीले काऊन बांधला? बांधाचं होतं त मले बांधतास."

पलीकडून सुरेंद्र म्हणाला, "बाबा, रिनानं मले सांगतलं होतं. तेल नोको म्हणून. मी घरी सांगतलोच नाई."

त्यानंतर फोनवर कोणी कोणाला दोष दिला नाही. दोघेही खोकत राहिले.

सुट्टीच्या दिवशी सुरेंद्र आला आणि कुलूप काढले. साखळी गळून पडली तेव्हा माझ्या सांगाड्यावर तिचा गंजलेला वळ उठला होता. तो अजून आहे. या वेळी सोमाजी आणि प्रेमिला दोघेही आमच्याबरोबर वडशाला आले. रिनाने तेल प्यालेले गुटके फेकून नवे बसवले, चकती स्पिरिटने स्वच्छ केली, झुडपात शिरताना वाकलेले चाक तारा ओढून सरळ केले. बॅटरी महिनोन्महिने पूर्ण उतरलेली राहिल्याने थोडी कमजोर झाली होती. ती अर्धी भरलेली ठेवायला हवी होती, असे ती म्हणाली. मग ती सोमाजीकडे वळली.

"काका, चेन आंधी फडक्यानं पुसा, मंग दोन थेंब द्या, उरलेलं पुसून टाका. हे तेल वेगळं, माती धरत नाई. चकतीचं फक्त तोंड पाहाचं."

"आन् ओरडली त?"

"ओरडू द्या. कोरडी झाली का गप्प होते."

"आमच्या घरी असं कोणी नाई," सोमाजी म्हणाला. प्रेमिलाने त्याच्याकडे असे पाहिले की रिनाला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सुरेंद्र आधी स्वतः मला घेऊन तो उतार उतरला आणि परत आला. मग प्रेमिला बसली. सोमाजी पाळीवर उभा होता. उतार लागताच तिची बोटे दांड्यावर घट्ट झाली. आणि उताराच्या मधोमध, जिथे थांबायचे काही कारण नव्हते, तिथे तिने मला थांबवले. गुटक्यांनी चकती धरली. मी उतारावर उभी राहिले. प्रेमिलाने एक पाय जमिनीला टेकला आणि मागे वळून हाक मारली, "पाहून राह्यले का? उभी हाय मी."

सोमाजी पाळीवर खाली बसला. त्याने डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसले. मग प्रेमिलाने बोटे सैल केली आणि आम्ही पुढे निघालो.

आता ती जवळच्या गावांना जाते. बॅटरी संपली तर उरलेला रस्ता पायडल मारते. घरी आल्यावर मी त्याच खांबाजवळ उभी असते, पण मोकळी.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी सायकल असेल. तिला जीव लावा, पण तिचा कोणता भाग काय मागतो ते आधी विचारून घ्या. आणि जे कळेल ते, जो माणूस तिच्याजवळ रोज बसतो, त्याच्यापर्यंत पोहोचवा. आणि तिने कधी कोणाला पाडलेच, तर कुलूप शोधण्याआधी एकदा तिचा ब्रेक दाबून पाहा. तिला स्वतःहून काही सांगता येत नाही.