गिटारला तांब्याचं अस्तर

"कड नीट दाब वं बाई. करंजीले एक फट राहिली, तर तेल आत अन् सारण कढईत!"

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. पण शामलाताईंच्या बोटांखाली कड आली की हा आवाज हजर व्हायचाच. आज तर समोर करंजीही नव्हती. बेसामधल्या त्यांच्या फ्लॅटच्या जेवणाच्या टेबलावर नूपुरची, म्हणजे सुनेची, इलेक्ट्रिक गिटार पोट उघडं टाकून उताणी पडली होती, आणि त्या पोटातल्या खळग्यांना शामलाताई तांब्याच्या पातळ चिकटपट्टीचं अस्तर लावत होत्या.

शब्द दिला होता ना! गेल्या गुरुवारी कॉलनीतल्या दत्तमंदिरात नूपुर पहिल्यांदाच महिला मंडळाच्या भजनाला गिटार घेऊन बसली. पोरगी वाजवते गोड. पण तिची बोटं तारांवरून उठली रे उठली की स्पीकरमधून असं काही गुंऽऽ सुरू व्हायचं, जणू मूर्तीच्या मागे भुंग्यांनी घर केलंय. आरती संपल्यावर मंडळाच्या भीमाबाईंनी आपल्या पेटीवर मखमली कापड टाकत म्हटलं, "आमची पेटी बरी गं बाई. छेडल्याशिवाय बोलत नाही."

बायका फिसकन हसल्या. नूपुरचा चेहरा एवढासा झाला. लग्न होऊन आल्यापासून हा एकच घोळका तिला आपला वाटू लागला होता. नवरा पियुष कामाच्या निमित्तानं सदा गावोगाव. तेव्हा एरवी चढ्या आवाजात भाजीचा भावही न करणाऱ्या शामलाताई म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी गुणगुण ऐकू आली, भीमाबाई, तर आम्ही दोघीही टाळ्या वाजवायला मागं बसू. माझा शब्द."

नूपुरनं मग समजावून सांगितलं होतं. ट्यूबलाइट, पंखे, दिव्यांच्या माळा या सगळ्यांची कुरकुर हवेतून येते आणि गिटारच्या पोटातल्या वायरी ती उचलतात. आतून तांब्याचं अस्तर लावून ते अर्थिंगच्या वायरीला जोडलं, की कुरकुर बाहेरच अडते. शामलाताईंना हे लगेच पटलं. कीर्तनात बसताना कानांत इकडचं-तिकडचं शिरू द्यायचं नाही, तसंच हे.

फक्त तांब्याच्या पट्टीचं पार्सल आलं ते नेमकं गुरुवारी सकाळी. आणि गुरुवारी शामलाताईंचं मौन. आंघोळीपासून सांजवातीपर्यंत एक शब्द नाही. लिहून सांगणंही नाही. तेही बोलणंच, फक्त शाईतलं.

नूपुर मिहानमधल्या ऑफिसचं काम आज घरूनच करत होती. कानात इअरफोनची बोंडं खुपसून ती म्हणाली, "आई, मी मीटिंगमध्ये आहे. तुमचा हात माझ्यापेक्षा नीट. कुठेही लाकूड दिसता कामा नये, बस." शामलाताईंनी मान हलवली.

आणि काय काम केलं त्यांनी! पट्टीवर पट्टी चढवून, कड नखानं दाबून, कोपरे चमच्याच्या टोकानं बसवून. पोट असं उजळलं की त्यांचे यजमान मनोहरराव चहाचा कप घेऊन वाकून वाकून पाहू लागले. "अवं, देव्हारा करून राहिली का गिटार? आता आत एक गणपती बसव म्हणजे झालं!" केबल खोचायच्या अरुंद भोकापाशी आल्यावर शामलाताईंचं मन भरून आलं. तिथं त्यांनी पट्टीची कड नुसती चिकटवली नाही. चुण्या घालून आतल्या बाजूला छान उभी झालर काढली. गौरीच्या मखराला काढतात ना, तशी.

दुपारी नूपुरनं वायरींना घाईघाईत डाख दिले, पाट्या स्क्रूनं कसल्या, केबल खोचली आणि तार छेडली.

गुणगुण नव्हती. काहीच नव्हतं. तार थरथरत होती आणि स्पीकर ढिम्म.

"घ्या!" मनोहरराव म्हणाले. "हिनं गिटारलेही मौन देऊन टाकलं!"

नूपुरनं केबल काढली, मीटर लावून तपासलं. सगळं बरोबर. केबल खोचली की पुन्हा मुकी. काढली, बरोबर, खोचली, मुकी. तिच्या कपाळावर घाम आला. देवळात जायची वेळ जवळ येत होती.

शामलाताई पाहत होत्या. केबल आत शिरली की त्या भोकातली पितळी जीभ बाहेरच्या अंगाला सरकते, हे त्यांनी सकाळीच केबल खोचून पाहिलं होतं. आणि त्या अंगाला काय उभं होतं? झालर! त्यांनी पाचही बोटं जुळवून चुण्या दाखवल्या.

"मोदक," मनोहरराव लगेच म्हणाले. "नवस बोल म्हणते."

शामलाताईंनी जोरात नकाराची मान हलवली, जीभ बाहेर काढून त्या जिभेकडेच बोट केलं.

"तहान लागली का? नूपुर, आईले पाणी दे."

शामलाताईंनी स्क्रू-ड्रायव्हरला हात घातला, तर नूपुर रडवेल्या आवाजात म्हणाली, "नको आई, आता नका हात लावू. मी सगळं अस्तरच उपटून काढते. गुणगुण तर गुणगुण. मागं बसू." तिनं वरची पाटी सोडवली आणि पक्कड उचलली.

"अवं शामला, सांग ना काय ते!" मनोहररावांचा आता जीव कासावीस झाला. "तू बोल. उरलेलं मौन मी पाळतो. दत्ताची शपथ!"

पक्कड तांब्याला टेकली.

"थांब नूपुर! भोकातली झालर!"

शामलाताईंनी तोंडावर हात ठेवला, पण शब्द गेला तो गेला.

नूपुरनं भोकावरची पाटी उघडून आत डोकावलं आणि कपाळावर हात मारला. केबल खोचली की पितळी जीभ त्या झालरीला टेकत होती आणि गिटारचा आवाज तांब्यातच जिरत होता. तिनं चुण्या आडव्या दाबल्या, वर काळी टेप चिकटवली, पाट्या लावल्या. छेडलेली तार खणखणीत वाजली. मग तिनं बोटं उचलली. स्पीकर असा शांत, की स्वयंपाकघरातला नळ ठिबकताना ऐकू आला.

"आई!" नूपुरनं त्यांना मिठीच मारली. मग तिच्या लक्षात आलं. "पण तुमचा गुरुवार मोडला. माझ्यापायी."

"झालर माझी, मोडलाही मीच," शामलाताई हळूच म्हणाल्या. त्या देवापुढं जाऊन बसल्या, नाक घासलं. एवढ्या वर्षांत तापातसुद्धा मोडला नव्हता. डोळे पुसून उठल्या. "चल. तिकडेही शब्द दिलाय."

दाराशी मनोहरराव चपला घालून तयार होते. जड स्पीकर त्यांनी स्वतःच उचलला होता. "अहो, तुम्ही कशाला? कंबर धरेल," शामलाताई म्हणाल्या. ते बोलले नाहीत. लिफ्टमध्ये शेजारचे भैयाजी भेटले.

"काय मनोहरराव, काटोलच्या संत्र्यांचा यंदा काय हालहवाल?"

या प्रश्नावर मनोहरराव एरवी तळमजल्यापासून गेटपर्यंत बोलत जायचे. त्यांचा गळा हलला, भुवया वर गेल्या, ओठ एकमेकांवर घट्ट दाबले गेले. त्यांनी स्पीकर सावरत भैयाजींना मान लववली आणि दिवेलागणीआधीच्या उन्हात, दोघींच्या पुढं, देवळाच्या वाटेला लागले.