ठिपका झालेली जीप

मी एक जुनी काळी-पिवळी जीप आहे. ईट गावात कुणालाही विचारा, "शांतलिंगची गाडी" म्हटलं की बोट माझ्याकडेच वळेल. माझा मागचा दरवाजा दोरीनं बांधलेला आहे, पुढचा एक दिवा तिरळा झाला आहे आणि चढ लागला की मी म्हाताऱ्यासारखी खोकते. तरी मित्रांनो, मला भंगार म्हणू नका. त्या शब्दाचा मला फार राग येतो.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. नुसता ठोकाठोकीचा आवाज आणि रंगाचा वास. माझा खरा जन्म झाला तो शांतलिंगच्या अंगणात. तो रोज सकाळी कपाळाला विभूती लावतो आणि बोटाला राहिलेली माझ्या स्टिअरिंगला लावतो. मग आम्ही तेरखेड्याच्या वाटेला लागतो. मी खव्याचे डबे वाहिले, फटाक्यांच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या बाया नेल्या, अडलेल्या बाळंतिणींना दवाखान्यात पोचवलं. शाळेच्या पोरी तर माझ्याच पोटात बसून पाढे म्हणत मोठ्या झाल्या. माझ्यात किती माणसं बसावीत हे कागदावर लिहिलेलं आहे. किती बसायची ते मात्र विचारू नका.

लोक माझ्यात बसून काय काय बोलत! सासूची गाऱ्हाणी, कोर्टाची तारीख, घरी न सांगितलेलं दुखणं. एखादी सून पदरानं तोंड झाकून माहेरी निघालेली असायची. दुसऱ्या दिवशी कुणीतरी मुद्दाम विचारायचं, "शांतलिंग, ती कुठं उतरली रं?" तेव्हा तो म्हणायचा, "गाडी हाकू का मागं बघत बसू?" आमच्या भागातल्या वडापवाल्यांची, म्हणजे सवारी जीप हाकणाऱ्यांची, ती रीतच होती. गिऱ्हाईक सांगेल तिथं त्याला उतरवायचं आणि विसरून जायचं. या रीतीचा मला फार अभिमान वाटे.

मग एका वर्षी पासिंगच्या, म्हणजे गाडीच्या सरकारी तपासणीच्या, वेळी नवा नियम आला. प्रवासी गाडीत सरकारी डबी बसवल्याशिवाय पासिंग होणार नाही. माझ्या समोरच्या काचेखाली एक काळी डबी बसली आणि सीटांजवळ लाल बटणं आली. मी कुठं आहे, कुठं थांबले, किती वेगानं निघाले, हे सारं दूरच्या कुठल्यातरी कचेरीत कळू लागलं. हेतू वाईट नव्हता, हे मी कबूल करते. रस्त्यात कुणा बाईला त्रास झाला तर तिनं बटण दाबायचं आणि मदत यायची.

डबी बसवणाऱ्या दुकानदारानं शांतलिंगच्या मोबाईलवरही मी दिसेन अशी सोय करून दिली. त्या सोयीचा पासवर्ड म्हणून त्यानं माझाच नंबर ठेवला. तो तर माझ्या पाठीवर पिवळ्या पाटीवर लिहिलेला! म्हणजे घराला कुलूप लावायचं आणि किल्ली उंबऱ्यावर ठेवायची, तशातली गत. शांतलिंगला यात काही वावगं वाटलं नाही. उलट त्याला आनंद झाला. स्टँडवर म्हाताऱ्या लक्ष्मम्मा तासन् तास उन्हात उभ्या असत. तो त्यांना म्हणाला, "काकू, कशाला तापत बसता? नातवाला म्हणावं मोबाईलात बघ. गाडी जवळ आली की घरातनं निघा."

हळूहळू घरोघरच्या मोबाईलवर मी एक निळा ठिपका होऊन फिरू लागले. सुरुवातीला मलाही मिरवल्यासारखं वाटलं. पण एके दिवशी गावातला किराणावाला बलभीम सगळ्यांदेखत हसत म्हणाला, "काय शांतलिंग, काल दुपारी शेताकडच्या पांदीत गाडी लावून झोप काढलीस व्हय?" शांतलिंग हसला. पुन्हा कुणी तसंच विचारलं तेव्हा मात्र तो हसला नाही, आणि मलाही ते मिरवणं नकोसं झालं.

आता निकिताचं सांगते. सांगताना जीव जड होतो.

निकिता म्हणजे कोंडीरामची मुलगी, दहावीत शिकणारी. ती शांतलिंगच्या मागच्याच सीटवर बसायची आणि विज्ञानाच्या व्याख्या पुटपुटायची. एका सकाळी शाळा आली, बाकीच्या पोरी उतरल्या, ही उतरली नाही.

"मामा, मला धाराशिवला मावशीकडं जायचंय," ती म्हणाली. "परवा माझं लगीन लावायलेत."

"परवा? आन् परीक्षा?"

"तेच तर म्हणते मी. घरात कुणी ऐकून घ्यायला न्हाय."

शांतलिंगनं मला पुन्हा चालू केलं. मग म्हणाला, "एस्टी स्टँडावर तुला पहिल्यांदा धुंडाळतील." त्यानं मला मुख्य रस्ता सोडून आडवाटेला घातलं. तिकडे त्याची बहीण श्रीदेवी शेतातल्या वस्तीवर राहते. श्रीदेवीनं पोरीला जवळ घेतलं, चहा दिला आणि ती म्हणाली, "भिऊ नको. ऊन उतरलं की मीच तुला धाराशिवला नेते. मावशीला घेऊन ठाण्यात सायबापुढं उभं राहू. बघू कोण लगीन लावतंय ते!"

ऊन उतरेपर्यंत मी लिंबाखाली उभी राहिले. कुणाला ठावठिकाणा लागू नये म्हणून शांतलिंगनं आपला मोबाईल बंद केला आणि निश्चिंतपणे खिशात टाकला. मित्रांनो, त्या भोळ्या माणसाला वाटत होतं की मी दिसते ती त्याच्या मोबाईलमुळे! अरे बाबा, डबी माझ्यात आहे, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण जीपला हॉर्न असतो, तोंड नसतं.

पुढचं मला नंतर समजलं. लक्ष्मम्माच माझ्यात बसून रडत रडत सांगत होत्या. त्या दिवशी त्या स्टँडवर माझी वाट बघत होत्या. शेजारी एक तरुण मोबाईल घेऊन उभा होता. कुणाही पोराला विचारावं तसं त्यांनी त्याला विचारलं, "लेकरा, शांतलिंगची गाडी कुठं अडकली, बघ की." तो तरुण म्हणजे निकिताचा भाऊ दिग्विजय. बहिणीला शोधतच तो स्टँडवर आला होता. त्यानं माझा नंबर टाकला. भर दुपारी मी आडवाटेला एका वस्तीवर उभी, हे त्याला दिसलं.

थोड्याच वेळात कोंडीराम आणि दिग्विजयच्या मोटारसायकली आल्या. निकिता पळत येऊन माझ्यात बसली. दरवाजाची दोरी एका हातानं घट्ट धरून तिनं दुसऱ्या हातानं लाल बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दाबतच राहिली. डबीचा दिवा लुकलुकत होता, पण मदतीचा फोन नाही की गाडी नाही. श्रीदेवी आडवी आली, त्यांनी तिला बाजूला सारलं. शांतलिंगनं कोंडीरामचे हात धरले. "पोरगी लहान हाय, पाप घेऊ नको."

"माझ्या घरात तू पडू नको," कोंडीराम म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते, पण त्यानं मुलीला ओढून बाहेर काढलंच.

शांतलिंग आणि श्रीदेवी त्याच पावली धाराशिवला गेले, तक्रार दिली. चौकशीला माणसं आली तोवर दुसऱ्याच गावात अक्षता पडल्या होत्या. परीक्षेच्या दिवशी माझ्यात बसलेल्या पोरी एकमेकींना पेन दाखवत होत्या. निकिताच्या जागेवर त्यांनी दप्तरं ठेवली होती.

नंतर शांतलिंग पासिंगच्या कचेरीत जाऊन म्हणाला, "सायेब, ही डबी काढा." कारकून रागावला नाही. समजावून म्हणाला, "काढली तर पासिंग होणार नाही. तुमच्याच सुरक्षेसाठी आहे ती." शांतलिंगनं विचारलं, "मग एवढं तरी सांगा, आमाला कोण कोण बघतंय?" कारकुनानं खांदे उडवले. "ते मलाही सांगता यायचं नाही." शांतलिंगनं पासवर्ड तेवढा बदलून घेतला. चोर गेल्यावर घातलेला पहारा तो.

मित्रांनो, डबीला जागा कळते, जागेमागचं कारण कळत नाही. संकटात मदत यावी म्हणून तुमचा ठावठिकाणा कुणी मागितला तर जरूर द्या. पण तो कोणाकोणाच्या हाती पडतो, हे विचारायला लाजू नका. मोठ्यांनाही विचारा, सरकारलाही विचारा. आणि दुसऱ्याचा ठावठिकाणा तुमच्या हाती आला, तर तो जपा.

परवा फाट्यावर निकिता दिसली. हिरव्या बांगड्या, कडेवर तान्हं बाळ, डोक्यावर रणरणतं ऊन. शांतलिंगनं मला थांबवलं. "ये पोरी, बस. कुठं जायचंय?"

तिनं काचेखाली लुकलुकणाऱ्या दिव्याकडे पाहिलं आणि बाळाला पदराखाली घेतलं.

"न्हाय मामा," ती म्हणाली. "म्या चालत जाते."