डोळ्यांसाठी केलेला उजेड

"एकसष्ट," कुरोसे इवाओ म्हणाले आणि तराजूवरचा लेट्यूसचा शेवटचा गड्डा त्यांनी टोपलीत अलगद ठेवला.

भाजी भरणाऱ्या शिगेनो-सानने आकडा लिहिला, पण पेन्सिल खाली ठेवली नाही. लाल-निळ्या दिव्यांखालच्या बारा गड्ड्यांचे सरासरी वजन एकशे आठ ग्रॅम भरले होते. पांढऱ्या दिव्यांखालच्या बारांचे एकसष्ट. निकाल लागला होता, आणि तो कोणाच्या विरुद्ध गेला हे खोलीतल्या दोघांनाही ठाऊक होते.

ही खोली पूर्वी शाळेचा संगीतवर्ग होती. डोंगरातल्या त्या गावातली मुले संपली तशी शाळा बंद पडली. मग सहकारी संस्थेने इमारत घेऊन वर्गांतून मांडण्या उभ्या केल्या आणि दिव्यांच्या उजेडात, वाहत्या पाण्यावर लेट्यूस पिकवायला सुरुवात केली. बाहेर कमरेएवढा बर्फ असला तरी शहरातल्या रुग्णालयांना भाजीचे खोके वेळेवर जात. आजवर हे सारे ट्यूबलाइटवर चालले होते. पण ट्यूब बनवणारे कारखाने एकामागून एक बंद पडले आणि शिल्लक साठाही संपत आला. आता एलईडी घेणे भाग होते. प्रश्न एवढाच होता, की पांढरे घ्यायचे की लाल-निळे. पांढऱ्याच्या वर्णपटात सगळेच रंग थोडेथोडे असतात. लाल-निळ्यात ते दोनच, आणि विकणाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे पानाला हवे असतात तेही हेच दोन. तुलना करण्याचे काम कुरोसेंकडे आले; कारण ते तंत्रमहाविद्यालयात वीजशास्त्र शिकलेले होते आणि खोऱ्यातल्या दिव्यांच्या कारखान्यात त्यांनी एकोणचाळीस वर्षे काढली होती.

लाल-निळ्या दिव्यांनी खोली जांभळी होते आणि त्या जांभळ्यात हिरवे पान कोळशासारखे काळे दिसते. करपलेली कड शोधून पान खुडणे हे भाजी भरणाऱ्या सहा बायकांचे काम, आणि ते सगळे नजरेवर चालणारे. दोघींनी आधीच सांगून ठेवले होते, की जांभळे दिवे लागले तर आम्ही येणार नाही. सोमवारच्या सभेत चाळीस मांडण्यांचे दिवे ठरायचे होते आणि ते कुरोसेंच्या कागदावरून ठरायचे होते.

"काल तासभर इथे उभी राहिले," शिगेनो-सान म्हणाली, "आणि घरी जाऊन बघते तर भात हिरवा. आमचे हे विचारतात, शिजवलास की रंगवलास?"

कुरोसे हसले नाहीत. त्यांनाही पांढरेच दिवे हवे होते. म्हणूनच ते जास्त कठोर झाले होते. तराजू कुणाची बाजू घेत नाही, असे त्यांनी सहाही जणींना पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते.

"बरं, तराजूचं राहू द्या. या पोरींकडे बघा." तिने पांढऱ्या मांडणीवर राखून ठेवलेल्या दोन रोपांकडे बोट केले. "माना लांब करून उभ्यात. या शाळेत एकवीस वर्षं मी जेवण वाढलंय, कुरोसे-सान. पोटभर जेवलेलं पोर कोणतं नि अर्धपोटी कोणतं, मला दारातूनच कळायचं."

"उजेड दोन्हीकडे सारखा आहे. पंधरा-पंधरा जागी मोजलाय. तुम्हीच लिहून घेतलंत."

"मी लिहिलं ते तुम्ही बोललात म्हणून."

एवढे बोलून ती टोपली घेऊन गेली. कुरोसेंनी अहवालाच्या तळाशी निष्कर्ष लिहिला, सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का उमटवला आणि कागद संस्थेचे प्रमुख ओगाता यांच्या टेबलावर ठेवला.

परतताना ते नेहमीप्रमाणे मासळीच्या दुकानात थांबले. बर्फावर मांडलेल्या मासळीवर गुलाबी छटेची एक जुनी ट्यूब जळत होती. ती त्यांच्याच कारखान्याची. मासळीवाल्यांसाठी काचेला आतून वेगळी पूड लावून ते ही ट्यूब काढत, आणि त्या उजेडात परवाचा मासाही आज सकाळचा वाटे. पूड कालवण्याच्या विभागात ओल्या खडूसारखा वास असे. तो कपड्यांत मुरे, आणि संध्याकाळच्या बसमध्ये कोण कुठल्या विभागातला हे डोळे मिटूनही ओळखता येई. त्या काळी खोऱ्यातल्या प्रत्येक घरात, बुटक्या जेवणाच्या टेबलावर, कारखान्याचीच गोल ट्यूब लोंबत असे. हिवाळ्यात वरच्या वळणावर बस थांबली की खाली दुधी खिडक्यांचा सडा पडलेला दिसे, आणि तरुण कुरोसेंना वाटे, की एवढ्या घरांच्या ताटांवर आपण उजेड वाढतो आहोत.

किनुए, त्यांची पत्नी, तपासणीच्या पट्ट्यावर होती. पेटलेल्या ट्यूबांच्या रांगेसमोर बसून तिने अकरा वर्षे नुसत्या नजरेने छटा निवडल्या. पण मासे घ्यायला आली की ती कधीही दुकानातल्या उजेडावर विसंबत नसे. मासा उचलून सरळ दाराशी नेई, ढगाळ दिवसाच्या उजेडात त्याचे कल्ले उलगडून पाही आणि नवऱ्याला टोमणा मारी, "दिवे तुम्ही करायचे आणि फसायचं मात्र आम्ही." तिला जाऊन सहा वर्षे झाली होती.

"बांगडा देऊ का?" मासळीवाल्याने विचारले.

कुरोसेंनी बांगडा हातात घेतला आणि कशासाठी हे ठरवण्याआधीच ते दाराशी गेले. बाहेर अजून दिवस होता. गुलाबी उजेडात लखलखणारा मासा बाहेरच्या उजेडात साधा, करडा झाला. ते बराच वेळ तिथेच उभे राहिले, इतका वेळ की शेवटी मासळीवाला जरा दुखावून म्हणाला, ताजा आहे हो, आजचाच आहे.

"मासा ताजा आहे," कुरोसे म्हणाले. "शिळा मी आहे."

एकोणचाळीस वर्षे त्यांनी जो उजेड केला तो माणसाच्या डोळ्यांसाठी केला. त्यांचा उजेड मोजायचा लक्समीटरही डोळ्याच्याच बाजूचा. माणसाच्या डोळ्याला पिवळा-हिरवा उजेड भरपूर वाटतो, लाल आणि निळा मंद वाटतो. आणि डोळ्याला जसे वाटते तसेच ते यंत्र मोजते. लाल-निळ्या मांडणीचा आकडा त्यावर कमी आला, तेव्हा तुलना न्याय्य व्हावी म्हणून कुरोसेंनी पांढरे दिवे मंद करत करत दोन्ही आकडे बरोबरीला आणले होते. डोळ्यांना दोन्ही मांडण्या सारख्याच दिसत होत्या, पण लेट्यूसला डोळे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते जिल्ह्याच्या कृषी केंद्रात गेले. पानाच्या उपयोगी पडणारे प्रकाशकण मोजणारे यंत्र तिथे होते. केंद्रातल्या बाईंनी ते दिलेही, पण देताना सौम्यपणे विचारले, की तुम्ही याआधी कशाने मोजले होते? कुरोसेंनी सांगितले.  बाईंनी फक्त यंत्राचा पट्टा नीट गुंडाळून दिला. दुपारी त्याच पंधरा-पंधरा जागी मापे घेतली. लाल-निळ्या मांडणीवर सरासरी दोनशे दहा. पांढऱ्या मांडणीवर पंच्याऐंशी. शिगेनो-सानच्या पोरी खरोखरच अर्धपोटी होत्या.

शनिवार होता. ओगातांनी सगळे ऐकून घेतले. ते कुरोसेंच्या एका सहकाऱ्याचे चिरंजीव; कारखान्याच्या सहलींत कुरोसेंच्या खांद्यावर बसलेले. त्यांनी पुढ्यातला चहाचा पेला बाजूला सारला. मग त्यांनी आवाज उतरवून सांगितले, की सभा पुढे ढकलता येईल, दिवे अपुरे आले अशी सबब देता येईल, पस्तीस दिवसांनी नवी तुलना करून नवा कागद निघेल.

"आणि हा मी फाडतो. कुणाला कळायचं कारण नाही, काका. आयुष्यभराचं नाव आहे तुमचं."

"कारण आहे," कुरोसे म्हणाले. "सहा बायकांना मी सांगितलं होतं, तराजू कुणाची बाजू घेत नाही. तराजूनं घेतली नाही. मी घेतली, आणि घेतलेली मला कळलीही नाही."

त्यांनी कागद मागून घेतला. कारखान्यातल्या पहिल्या मुकादमाने त्यांना शिकवले होते, की चुकीचा आकडा खोडून काळा करायचा नाही आणि कागदही बदलायचा नाही. आकड्यावर पट्टी ठेवून दोन सरळ रेघा मारायच्या, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी आपला लहान शिक्का उमटवायचा. जुना आकडा रेघांखालून वाचता आला पाहिजे. उद्याच्या माणसाला काय चुकले ते दिसायला हवे.

सोमवारी सकाळी, कामाला सुरुवात होण्यापूर्वी, सगळे नेहमीप्रमाणे वर्तुळ करून उभे राहिले. कुरोसे पुढे आले, कमरेतून वाकले आणि वाकलेलेच राहिले, इतके की कुणाच्या तरी बुटांची चुळबुळ सुरू झाली. सरळ झाल्यावर त्यांनी मोजक्या वाक्यांत चूक सांगितली. वजने खरी आहेत, ती खोडू नयेत, असे म्हणाले. उजेडाची तीस मापे, 'दोन्हीकडे उजेड समान' हे विधान आणि निष्कर्ष, अशा बत्तीस ठिकाणी दुरुस्ती होईल. आणि दिव्यांचा निर्णय थांबवून पुढची तुलना केंद्रातल्या बाईंनी करावी, अशी त्यांनी विनंती केली. ती आधीच मान्य झाली आहे, असे ओगाता खाली पाहत म्हणाले. लाल-निळे दिवेच कदाचित पुन्हा जिंकतील, हेही कुरोसेंनी सांगून टाकले.

 बायका हातमोजे चढवून आपापल्या वर्गांत गेल्या.

कुरोसे भाजी भरण्याच्या टेबलावर बसले. पट्टी, पेन, शिक्का, लाल शाईची डबी ओळीने मांडली आणि त्यांनी पहिली माप-ओळ घेतली. दोन रेघा, नवा आकडा, शिक्का. तांदळाच्या दाण्याएवढे त्यांचे नाव कागदावर उमटले. सातव्या ओळीला शिगेनो-सान समोर येऊन उभी राहिली. तिने हातमोजा काढला, एप्रनच्या खिशातून कापडी पिशवी काढली आणि पिशवीतून स्वतःचा शिक्का.

"चूक माझी आहे," कुरोसे मान वर न करता म्हणाले.

"अक्षर माझं आहे," ती म्हणाली. "सरका थोडे."

ते सरकले. तिने खुर्ची ओढली, शिक्का शाईत टेकवला आणि पहिल्या ओळीवर, त्यांच्या नावाला लागून, आपले नाव उमटवले. शाई पुसू नये म्हणून कुरोसेंनी कागदाची कड तळव्याने धरून ठेवली, आणि ती दुसऱ्या ओळीकडे वळेपर्यंत हात हलवला नाही.